सेतुमामांची ट्राउट

चेन्नईजवळच्या आमच्या आवडी गावाच्या बाजारात कोंबडीच्या दुकानासमोर नाकाला उपरणं लावून उभा राहणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे आमचे सेतुमामा. दुकानदार कोंबड्याच्या मानेची पिसं कागदात बांधून लांबूनच त्यांच्याकडे फेकतो. मामा ती झेलतात, घरी येऊन नळाखाली तीनतीनदा धुतात आणि मग स्वतः आंघोळ करतात. एकादशीला ज्यांना कांद्याचा वाससुद्धा चालत नाही, त्या माणसाला कोंबड्याची पिसं कशाला लागतात? तर मासे पकडायला.

मामा तंजावरकडचे मराठी. सेंट्रल गव्हर्नमेंटच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आले. त्यांची मराठी आमच्यापेक्षा कितीतरी जुनी. 'मला' ऐवजी 'मज' म्हणतात, आणि मध्येच तमिळ सुरू होतं. कसलीही घाई झाली की त्यांचा एकच शब्द: "पोरुमै रे, पोरुमै!" म्हणजे धीर धर. कुकरच्या शिट्टीलासुद्धा ते पोरुमै सांगतात.

मी भंडाऱ्याकडचा. आमचं घराणं ढिवरांचं. आजोबांनी आणि बापाने वैनगंगेत जाळी टाकून पोट भरलं. कॉलेजात जाऊन डिग्री घेणारा घरातला पहिला मी, आणि हे मी कुणालाही छाती फुगवून सांगतो. पण माझ्यापेक्षा जास्त मामाच सांगतात. दूधवाल्याला, लिफ्टवाल्याला, देवळातल्या गुरुजींना. "हा आमचा बी.एस्सी. केमिस्ट्री!" माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण ते कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

तर पिसांचं. ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा नकली माशीला भुलतो. ती माशी मामा स्वतः बांधतात. पिसं कोंबड्याची, अंगाला गुंडाळायला चकचकीत जर. ही जर रुक्मिणीमामींच्या लग्नातल्या कांचीपुरम साडीची.

"इतर बायकांच्या साड्या मुली नेसतात," मामी मला म्हणाल्या होत्या, "माझी मासे खातात!"

"खात नाहीत," आतून मामांचा आवाज आला. "नुसती चाखतात."

रोज सकाळी गच्चीवर त्यांची प्रॅक्टिस चालते. एका टोकाला पाण्याची बादली, दुसऱ्या टोकाला मामा. दोरी हवेत सळसळत जाते आणि माशी बादलीत टपकते, किंवा वाळत घातलेल्या कपड्यांवर. पण आजवर एकाही साडीचा धागा निघालेला नाही. मी ते त्यांच्या हातातलं कसब समजत होतो.

दरवर्षी मार्चअखेर मामा एक शनिवार-रविवार उटीच्या पलीकडच्या एका तळ्यावर जातात. मत्स्यखात्याचं परमिट काढून, एकटे. परत आले की शर्टाची बाही सावरत सांगतात, "यंदा सहा लागल्या." मासा मात्र कुणी पाहिलेला नाही. आम्ही समजायचो, शाकाहारी माणूस, सोडून देत असेल.

यंदा मात्र भानगड झाली. त्यांची एकुलती एक मुलगी वासंती अमेरिकेत असते. तिथे एका मोठ्या तळ्यावर ती कोकनी पकडते. हा तिकडचा चंदेरी, सॅल्मनच्या जातीचा मासा. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "अप्पा, मी दरवेळी फोटो पाठवते. तुम्ही एक तरी पाठवा की! इथले माझे फिशिंगवाले म्हणतात, तुझे अप्पा नुसत्या थापा मारतात."

"मी थापा मारतो?" मामा ताडकन उठले, तर फोनवर फक्त त्यांचं पोट दिसायला लागलं. "ह्या रविवारी फोटो येईल! पाहा तू!"

त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात आले. "बी.एस्सी., तुज रजा आहे? साक्षीला शिकलेला माणूस पाहिजे. फोटोही तूच काढ."

शनिवारी सकाळी आम्ही तळ्यावर पोचलो. आवडीत घामाने शर्ट अंगाला चिकटत होता, इथे तोंडातून वाफ निघत होती. मामांनी गुडघ्यापर्यंत बूट चढवले, डोक्याला माकडटोपी, कपाळावर गंध. पाण्याला नमस्कार केला आणि पहिली माशी फेकली. जर उन्हात लकाकली, पाणी फुटलं, काठी वाकली.

"लागली!" मामा ओरडले.

मी फोन काढेपर्यंत काठी सरळ झाली होती.

"गेली की, मामा!"

"गेली तर गेली. लागली होती ना? एक!"

दिवसभर हेच. मासा यायचा, काठी वाकायची, मासा जायचा, मामा आनंदाने आकडा वाढवायचे. माझ्या फोनमध्ये जमा झालं ते असं: पाणी, मामांचं कोपर, पुन्हा पाणी, माकडटोपीचा गोंडा. माझं ढिवराचं रक्त तडफडायला लागलं. इतके मासे हातचे गेले असते तर माझ्या बापाने मला घरात घेतलं नसतं.

रविवारी सकाळी मामांनी दोरी मागे घेतली ती नेमकी माझ्या गळ्यावर आली. मी घाबरून डोळे मिटले. आता गळ रुतणार! पण माशी मफलरला लागली आणि खाली गवतात पडली. मी ती उचलली. पिसं होती, जर होती, वाकडी तारही होती. तिचं टोक तेवढं पकडीने तोडून, घासून गुळगुळीत केलेलं होतं.

"मामा, ह्याला टोकच नाही!"

"नाहीच."

मी त्यांचा नकली माश्यांचा डबा उघडला. एकाही गळाला टोक नव्हतं. गच्चीवरच्या साड्या का फाटत नव्हत्या ते मला आत्ता कळलं.

"मग मासा येणार कसा? फोटोचं काय? संध्याकाळी गाडी आहे. मी गावातून साधा गळ आणतो, एक मासा काढतो, फोटो घेतो, लगेच पाण्यात सोडतो. त्याला काही होत नाही."

"नको रे बा."

मामा काठावरच्या दगडावर बसले. दहीभाताचा डबा उघडला, अर्धा मला दिला. मग पाण्याकडे बघतच बोलले.

"वासू लहान होती. तिला घेऊनच आलो होतो इथे. पहिलीच ट्राउट मिळाली, तिच्या ओठातून रक्त आलं. पोर अशी रडली, अशी रडली! म्हणाली, अप्पा, टोक तोडा. तिच्यासमोर तोडलं. शब्द दिला, पुन्हा टोक लावणार नाही म्हणून."

"पण आता ती स्वतःच मासे पकडते की! तिला आठवत तरी आहे का?"

"नाही आठवत. बरंच आहे."

"मग सांगून टाका ना. थापाडे म्हणतायत तुम्हाला!"

"पोरुमै," मामा म्हणाले, पण ह्या वेळी हळू. "सांगितलं की तिला आठवेल. मग तिचा हात कचरेल, ती जायची बंद होईल. तिथे एकटी राहते रे पोर. आठवडाभर कंप्यूटर. शनिवारी त्या तळ्यावर चार माणसं भेटतात, हसतात, एकमेकांचे मासे बघतात. ते मी बंद करू? मज थापाड्या म्हणाले तर म्हणू दे. तू सांगू नको हं तिला."

बापाच्या जाळ्यातून सुटलेल्या माशाला मी आजवर नुकसानच समजत आलो होतो. मी भात संपवला आणि फोन सरसावून पुन्हा पाण्याशी जाऊन बसलो.

शेवटचा फोटो त्यातल्या त्यात बरा आला. वाकलेली काठी, पाण्यावर मोठं वर्तुळ आणि मामांचा लहान पोरासारखा उघडा पडलेला जबडा. घाट उतरताना बसमध्ये रेंज आली, तसा तो त्यांनी पाठवला. लगेच वासंतीचा कॉल.

"अप्पा! ह्यात मासा कुठाय?" तिला हसू आवरेना. मग तिने फोन मला द्यायला लावला. "दादा, तुम्ही शिकलेले आहात, खरं सांगा. लागली होती का ट्राउट?"

मामा माझ्याकडे न बघता माकडटोपीची घडी घालत होते.

"लागली," मी म्हणालो. "मी डोळ्यांनी पाहिली. अशा सुंदर माशीला कोण येणार नाही?"

"मग फोटोत का नाही?"

मामांनी फोन काढून घेतला. "आहे की! पाण्यात आहे!"

ती पुन्हा खळखळून हसली आणि तिने तिच्या ताज्या कोकनीचा फोटो पाठवला. दोन्ही हातांत न मावणारा चंदेरी मासा, वर वासंतीचं थंडीने लाल झालेलं नाक. झालं! जन्मात मासा न चाखलेल्या मामांनी तो फोटो पुढच्या सीटला दाखवला, मागच्या सीटला दाखवला, आणि तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरच्या नाकासमोर धरला. "माझी मुलगी! एकटीने पकडला!"

"भलताच मोठा आहे," कंडक्टर तमिळमध्ये म्हणाला. मग काठ्यांच्या पिशवीकडे बघून त्याने विचारलं, "आणि तुम्हाला काय मिळालं, सार?"

मामांनी बाही सावरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्याला विचारा. बी.एस्सी. आहे."