स्विच काढू नये

आमच्या शेजारचे किशनकाका घरातलं कुठलंही बटण सांगितल्याशिवाय दाबत नाहीत. सांगितल्याशिवाय म्हणजे ओरडून सांगितल्याशिवाय. सकाळी पाण्याची मोटार लावायची असली की ते बोर्डापाशी उभे राहतात, बोट बटणाच्या वीतभर अलीकडे धरतात आणि म्हणतात, "मोटार चालू करायलोय." मग थांबतात. आतून गयाकाकूंनी "मोटार चालू करा" असं पूर्ण म्हटल्याशिवाय बोट पुढे सरकत नाही. काकू कधी भाकरी थापत असतात, कधी जप करत असतात, कधी नुसत्याच वैतागलेल्या असतात. त्यांनी वैतागून "करा" एवढंच म्हटलं तर ते चालत नाही. "काय करा?" असं काका तिथूनच विचारतात. मोटार चालू करा, बंद करा की तिला नमस्कार करा? हुकूम कसा पुरा पाहिजे.

काकांनी सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर वीजघरात ऑपरेटर म्हणून काढली. तिथे एकानं बोलायचं, दुसऱ्यानं तेच परत बोलून दाखवायचं आणि मगच मशिनीला हात लावायचा, ही रीत. "आधी तोंड, मंग हात," हे काका आम्हाला लहानपणापासून ऐकवत आले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण वीजघर काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. आता त्यांच्या ताब्यात टर्बाइनऐवजी एक मोटार, एक मिक्सर आणि एक फ्रिज आहे, आणि या तिन्ही मशिनी जिल्ह्यात सगळ्यात शिस्तीत चालतात हे मी कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

त्यांची दुसरी आवड म्हणजे पाट्या. पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंग देऊन त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे, "माणूस कामावर आहे. स्विच लावू नये." बल्ब बदलायचा असला तरी ही पाटी आधी मेन स्विचवर लागते. आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. एकदा पंख्याचं काम संपवून, पण पाटी न काढताच काका सोनपेठला लग्नाला निघून गेले आणि पाठोपाठ जावई आले. उन्हाळ्याचे दिवस. पंखा धडधाकट होता, पण स्विचवर पाटी. काका परत येईपर्यंत जावईबापू वर्तमानपत्रानं वारा घेत बसून राहिले, पण पाटी काढायची हिंमत त्यांचीही झाली नाही. काकांना हे कळलं तेव्हा वाईट वाटायचं सोडून त्यांचा चेहरा फुलला. "पोरगी चांगल्या घरी पडली," असं ते पुढे आठवडाभर सांगत होते.

आता माझं सांगते. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी विम्याचे कागद तपासते, पण तपासते इथे, आईच्या खोलीबाहेरच्या टेबलावर. आईचे गुडघे गेलेले, आणि गाव सोडून पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढायची तिची तयारी नाही. घरून काम करायची परवानगी मला मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती. मध्यंतरी दोनदा नेटनं दगा दिला, तेव्हा साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले होते, "रेवती, आणखी एकदा असं झालं तर इथे येऊनच बसावं लागेल हं." त्यांचा तो "हं" माझ्या डोक्यातून जात नव्हता.

आणि नेमका ऑफिसचा निरोप आला की लॅपटॉपचं फर्मवेअर सोमवारच्या आत अपडेट करा, नाहीतर सोमवारी ऑफिसच्या सिस्टीममध्ये शिरता येणार नाही. मी ते शनिवारपर्यंत ढकललं, कारण मला भीती वाटत होती. लॅपटॉप जुना, बॅटरी दहा मिनिटंसुद्धा धड तग धरत नाही. असल्या अपडेटच्या मध्येच लाईट गेली तर लॅपटॉपची वीट होते, म्हणजे तो पुन्हा कधी सुरूच होत नाही, आणि आमच्याकडे लाईट जायला कारण लागत नाही. वीट झाली की पुणं. हे सगळं मी ओट्यावर आईला सांगत होते, आणि कंपाउंडच्या पलीकडे किशनकाका जास्वंदीला पाणी घालत होते.

"फर्मवेअर म्हंजी काय गं बाई?" भिंतीवरून प्रश्न आला.

"मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्रॅम जागा होतो ना काका, तो. तोच बाकीच्यांना उठवतो."

"आन् तू त्यालाच बदलायलीस?"

"हो."

"मंग हे जिम्मेदारीचं काम हाय. थांब. हात लावू नको. मी आलो."

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आणि काखेत पाटी घेऊन. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर लॅपटॉपचं चार्जर काढलं, भिंतीवरचा स्विच बंद केला आणि त्यावर पाटी अडकवली. मग हात झटकून म्हणाले, "हं. आता कर."

लॅपटॉपनं ताबडतोब सांगितलं की चार्जर जोडल्याशिवाय अपडेट होणार नाही.

"काका, चार्जर लावूनच करावं लागतं."

"काम चालू असताना?"

"हो."

"चालू सप्लायवर?" काकांचा आवाज खाली गेला. "कोन म्हनतंय?"

"लॅपटॉप म्हणतोय."

"त्याला काय कळतंय," असं म्हणून काका ओट्यावर जाऊन बसले. आई मला डोळ्यांनी दटावत होती, जणू नियम मीच केला होता. मला खरंच वाईट वाटलं. सप्लाय काढल्याशिवाय मशिनीत हात घालायचा नाही, याच्यावर ज्या माणसानं उभी नोकरी काढली, त्याला मी चालू लाइनीवर काम करायला सांगत होते. पण दुसरीकडे सोमवारही येत होता.

थोड्या वेळानं काकांनी आत येऊन कागद, कात्री आणि डिंक मागितला. पाटीवरच्या "लावू" या शब्दाएवढी चिठ्ठी कापली, तिच्यावर ठळक अक्षरात "काढू" लिहिलं आणि नेमकी त्या जागी डकवली. मग चार्जर जोडून, स्विच चालू करून पाटी पुन्हा अडकवली. माणूस कामावर आहे. स्विच काढू नये. दोन पावलं मागे सरकून त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "आता बसलं नियमात."

पुढे सगळी सूत्रं त्यांच्या हातात गेली. समोरची पिठाची गिरणी सुरू झाली की आमच्याकडचा दिवा पिवळा पडतो, म्हणून गिरणी थांबवण्यात आली. दळण घेऊन आलेल्या बाया डबे घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मग काकांनी गच्चीवर जाऊन सबस्टेशनवरच्या ओळखीच्या लाइनमनला फोन लावला. "आर्धा घंटा आमची लाइन पाडू नका," असं त्याला सांगितलं. पलीकडून त्यानं विचारलं असावं, घरात कुणी पेशंट आहे का. "पेशंटच समजा," काका वरून ओरडले, "आप्रेशन हाय." त्यावर बायांनी माझ्या आईकडे काळजीनं पाहिलं.

"बोल आता," काका खाली येऊन मला म्हणाले.

"अपडेट चालू करते."

"अपडेट चालू कर."

मी बटण दाबलं. एक पांढरी रेघ हळूहळू पुढे सरकली, शेवटाला पोचली, आणि लॅपटॉप काळा पडला. काळा म्हणजे ठार काळा. आतला पंखा मात्र असा घोंघावायला लागला की ओट्यावरच्या बाया वाकून आत बघायला लागल्या. मी वाट पाहिली. पडद्यावर काहीच येईना. डोळ्यांपुढे पुण्याचा तिसरा मजला दिसायला लागला आणि माझं बोट आपोआप बंद करायच्या बटणाकडे गेलं.

"हात मागं."

एवढ्या वर्षांत काका माझ्यावर कधी असे ओरडले नव्हते. मी हात मागे घेतला. काकांनी खाली वाकून लॅपटॉपच्या कुशीला कान लावला आणि डोळे मिटले. "फिरायलीय," ते हळूच म्हणाले. "मशीन फिरायलीय. आवाज येकसारखा हाय. फिरत्या मशिनीला मधीच थांबवायचं नसतं, बाई. तिचं तिला येऊ दे." मग आम्ही सगळे तो पंखा ऐकत बसलो. आणि खरोखरच, एका क्षणी पंख्याचा आवाज उतरला आणि पडदा उजळला. मी तेव्हा ते बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही मला आजपर्यंत नीट करवत नाही.

पण संकट संपलं नव्हतं. उजळलेल्या निळ्या पडद्यावर लॅपटॉप म्हणाला की माझ्यात काहीतरी बदललेलं आहे, तेव्हा तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली द्या. ती किल्ली पुण्याच्या ऑफिसात. शनिवारच्या ड्यूटीवर सौरभ नावाचा मुलगा होता, त्याला फोन करायचा होता. पण आमच्या घरात मोबाईलची रेंज येते ती फक्त गच्चीवर, आणि चार्जरची वायर गच्चीवर पोचत नाही. मग काका फोन घेऊन वर गेले.

सौरभनं भरभर आकडे वाचायला सुरुवात केली असावी, कारण वरून आवाज आला, "थांबा साहेब. सहाच बोला. मी परत बोलतो. तुमी बरोबर म्हना. मंग पुढचे." सौरभ बहुधा हसला. काका हसले नाहीत. त्यांनी सहा आकडे परत वाचून दाखवले, "बरोबर" वदवून घेतलं आणि तेच गच्चीच्या कठड्यावरून खाली मोठ्यानं सांगितले. मी आतून परत म्हणाले. माझा आवाज वर पोचत नव्हता, म्हणून ओट्यावरच्या बायांनी तो वर पोचवला. एकदा मी सातच्या जागी आठ म्हणाले, तर पिठाच्या डब्यावर बसलेल्या एका आजींनी मला तिथल्या तिथे पकडलं. ऑफिसची ती गोपनीय किल्ली अशा रीतीनं सगळ्या गल्लीला पाठ झाली. सौरभला हे कळलं तेव्हा तो घाबरला, मग म्हणाला की वापरल्यावर ती आपोआप बदलते, काळजी नाही.

किल्ली लागली. लॅपटॉप उघडला. आणि टचपॅड मेलेलं. बोट कितीही घासा, बाण जागचा हलेना. पुन्हा सौरभ, पुन्हा गच्ची. या वेळी वरून येणारा काकांचा आवाज वेगळाच होता. "काय म्हनता? सप्लाय काढायचा? पुरा काढायचा? परत बोला साहेब."

लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचं आणि बंद करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते, असा सौरभचा उपाय होता. काका जिना उतरून आले ते लग्नघरात शिरावं तसे. त्यांनी पाटीवरची चिठ्ठी नखानं सोलून काढली. खाली जुनं "लावू" तसंच शाबूत होतं. "शेवटी आला का न्हाई नियमावर," एवढंच बोलून त्यांनी चार्जर काढलं. बटण मी दाबून धरलं, अर्थात रीतसर सांगून. पुन्हा जोडलं, चालू केलं, तर बाण हरणासारखा पळायला लागला. मी ऑफिसच्या सिस्टीममध्ये शिरून पाहिलं. दार उघडलं. आईनं देवापुढे साखर ठेवली, गिरणी सुरू झाली आणि बाया आपापले डबे उचलून गेल्या.

काका मात्र गेले नाहीत. पाटी काखेत धरून दारात घुटमळत राहिले. मला वाटलं चहा हवा असेल. "बाई, येक काम होतं," ते म्हणाले. एवढं संकोचून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बोला ना काका."

"माझ्या निरोपाच्या दिवशी वीजघरातल्या पोरांनी माझी ड्यूटी माफ केली. हार घातला, शाल दिली, भाषनं केली. मला खुर्चीवरून उठू दिलं न्हाई. लय जीव लावला. पन त्या गडबडीत मशीन कुनाच्या सुपूर्द करायची ऱ्हाऊन गेली." त्यांनी पाटी दुसऱ्या काखेत घेतली. "पुढचा मानूस आला, त्याला सगळं सांगितलं, त्यानं घेतलं म्हटलं, की मंगच जागा सोडायची असती. मी तसाच घरी आलो. कुनाला सांगनार? काकूला सांगितलं तर ती हसती."

मला हसू आलं नाही. "मग आता?" मी विचारलं.

"सकाळपासून ही मशीन मी सांभाळली ना?"

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. काकांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली, शर्ट नीट केला आणि हात सरळ खाली सोडले. मी परकर-पोलक्यात असल्यापासून मला "तू" म्हणणारा तो माणूस म्हणाला, "रेवतीबाई, मशीन चालू हाय. सप्लाय ठीक हाय. पंखा हळू हाय, आंग गरम न्हाई. टचपॅड दोनदा तपासलं. काम बाकी न्हाई. मशीन तुमच्या सुपूर्द करायलोय."

मी प्रत्येक शब्द परत म्हटला. मध्ये मी अडखळले, पण काकांनी घाई केली नाही, पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. शेवटी म्हणाले, "घेतली?"

"घेतली."

"बरं," काका म्हणाले. "आता झालो मी रिटायर."

ते चपला घालून, अंगण ओलांडून हळूहळू घरी गेले. ऑफिसनं माझ्या कामाची दोन-तीनदा तारीफ केलेली आहे, एकदा सर्टिफिकेटही दिलंय, पण येलदरीच्या ऑपरेटरनं एवढ्या वर्षांनी आपली जागा सोडली ती माझ्या भरवशावर, याचा मला जो अभिमान वाटला तो वेगळाच होता. आई आतून चहाला हाक मारत होती. मी मात्र बराच वेळ त्या मशिनीपाशी उभीच राहिले.