चेंडू हवेत असेपर्यंत

मोहनखेडच्या स्टेडियममध्ये अकरा वर्षांपूर्वी टोलवलेला चेंडू अजून खाली आलेला नाही, आणि म्हणून तिथलं सरकतं छत बंद करता येत नाही. चेंडू हवेत असताना छत आहे तसंच राहील, असा मैदानाचा नियम आहे. नियम गावानेच केलेला असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न कधी आला नाही.

स्टेडियमची जन्मकथा साधी आहे. गावचे एक पुढारी परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेले आणि तिथलं रुळांवरून सरकणारं छत पाहून हरखले. तसंच छत मोहनखेडला हवं म्हणून त्यांनी सरकारदरबारी सगळ्यांना भंडावून सोडलं. छत आलं. चाचणीत ते चहाला उकळी येईपर्यंत पूर्ण उघडायचं, आणि उघडताना फारसा आवाजही करायचं नाही. नकाशा तिकडचाच वापरल्यामुळे छताखाली बेसबॉलचं मैदान निघालं. मैदान मोडण्यापेक्षा गावाने बेसबॉल शिकून घेतला. मोहनखेडकर हाती घेतलेलं काम अर्धवट सोडत नाहीत.

उद्घाटनाचा सामना वेळेवर सुरू झाला, पण प्रमुख पाहुणे वाटेतल्या सत्कारांत अडकले. छत उघडण्याचा मुहूर्त टळला. भटजींनी दुसरा काढून दिला, तो नेमका शेवटचा गडी खेळत असताना पडला. मुहूर्त पुन्हा चुकवायचा नाही या धांदलीत खेळ थांबवायचं कुणालाच सुचलं नाही. पाहुण्यांनी नारळ फोडला, कळ दाबली, छत उघडलं, आणि त्याच वेळी मोरेश्वर तायडेने मारलेला चेंडू थेट आभाळात गेला.

प्रल्हाद इंगोले धावत त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. झेल घेतला तर मोरेश्वर बाद आणि चषक प्रल्हादच्या संघाचा. चेंडू जमिनीवर पडला तर धाव मोरेश्वरची आणि चषकही त्याच्याच संघाचा. तेव्हापासून प्रल्हाद तिथेच आहे, हातमोजा चढवलेला, नजर वर.

चेंडू दिसेनासा होऊन बराच काळ लोटला. तरी झेल घ्यायचा तर जागा सोडायची नसते. प्रल्हादचं लग्नही मैदानातच झालं. चेंडू आला का हे बघायला मोरेश्वर रोज यायचा, त्याच्यासोबत त्याची बहीण नलू यायची, आणि एक दिवस तिनेच विषय काढला. लग्नात अक्षता कमरेच्या खालून टाकाव्यात अशी पंचांनी सूचना दिली होती. वरून येणाऱ्या कुठल्याही वस्तूने खेळाडूचा गोंधळ व्हायला नको. लोकांना प्रल्हादची कीव यायची आणि ती त्याच्या डोक्यात जायची. हा झेल आपला आहे, याबद्दल त्याच्या मनात तसूभरही शंका नव्हती.

यंदा उन्हाळ्यात निवेदिता साळवी नव्या मुख्याधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्यांना स्टेडियममध्ये कृषी प्रदर्शन भरवायचं होतं आणि त्यासाठी छत बंद हवं होतं. त्या भर दुपारी पंच देवराव काळमेघांना घेऊन मैदानात आल्या. मोरेश्वरलाही बोलावलेलं होतं.

"छत बंद करायची काहीच सोय नाही का?" त्यांनी विचारलं.

"एक हाये," देवराव म्हणाले. "ज्यानं चेंडू मारला, त्यानं मागनी केली त छत लावता येते. मंग चेंडू छतावर पडन, झेलाचा सवाल राहत नाई. धाव त्याची, सामना त्याचा."

प्रल्हादने मान खाली केली नाही. एवढी वर्षं त्याला चेंडूची भीती कधी वाटली नव्हती. तो खाली येणारच नाही असं कुणी ठरवू शकतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

"तायडे, तुमची मागणी आहे?" साळवीबाईंनी विचारलं.

मोरेश्वरने डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे पाहिलं. "मॅडम, चेंडू मी मारला हाये. तो खाली आला पाह्यजे, अन ह्यायनं तो सोडला पाह्यजे. तवा मी जिंकलो. छतावर पडून जिंकाचं मले काय कौतुक?"

"सोडनार नाई," प्रल्हाद वर बघत म्हणाला.

"पाहू न."

साळवीबाईंनी वाद घातला नाही. प्रदर्शन शाळेच्या पटांगणात हलवायला सांगून त्या निघून गेल्या.

ऊन रणरणत होतं. प्रल्हादच्या मानेवरून घाम ओघळत होता. छत आपल्यामुळेच उघडं राहिलं, ही गोष्ट मोरेश्वरला टोचायला लागली. तो जाऊन सायकलला अडकवलेली छत्री घेऊन आला आणि प्रल्हादच्या पाठीमागे उभा राहून त्याने ती उघडली. आभाळ झाकलं जाणार नाही, पण मानेवर आणि खांद्यांवर सावली पडेल, अशी तिरपी धरली.

"असू दे मोरेश्वर, सवय हाये मले," प्रल्हाद म्हणाला.

"चूप राहा भाऊजी. वर पाहा."

साळवीबाईंबरोबर निघालेले देवराव फाटकातून मागे फिरले. त्यांनी छत्रीला एक चक्कर मारली आणि काडीला बोट लावून पाहिलं.

"हे छत हाये," ते म्हणाले.

"छत्री हाये, देवरावभाऊ."

"डोक्यावर हाये, उघडझाप होते. छतच झालं. चेंडू हवेत असताना उघडलं तुमी. आता तो खाली येईपर्यंत हे बंद करता येनार नाई."

मोरेश्वरने छत्रीच्या काड्यांकडे पाहिलं. नियम बरोबर होता. "हात बदलता येईन?" त्याने विचारलं.

"छत हललं नाई पाह्यजे."

मोरेश्वरने छत्री न हलवता दांडा दुसऱ्या हातात घेतला. देवरावांनी बारकाईने पाहिलं आणि मान डोलावली.

"मंग नलूले सांगजा," मोरेश्वर म्हणाला, "आतापासून दोघायचं जेवन पाठव."

देवराव निरोप घेऊन गेले. प्रल्हादला बरं वाटलं, फार बरं वाटलं. जागा न सोडता आणि नजर न हलवता त्याने खांदे आवळून घेतले, म्हणजे सावलीत दोघं मावतील.