वाळवंटातल्या योद्ध्याला काटा कसा कळला?

"लिही," आप्पा म्हणाले. "कोकण किनाऱ्यावरील एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर, तर्कसम्राट, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने गुन्हेगार कबुलीजबाब देतात..."

मी लिहिलं. मी त्यांची सून राजश्री. सकाळी डबे करायचे आणि उरलेल्या वेळात तर्कसम्राटांची लेखनिक व्हायचं. पोफळीला वीजकेंद्राच्या कॉलनीत असताना आप्पांनी एक हरवलेली शिडी तीन दिवसांत शोधून काढली, तेव्हापासून त्यांना हे लागलंय. शिडी आमच्याच माळ्याला टेकलेली होती, हा तपशील मात्र नोंदवहीत घ्यायचा नसतो.

शनिवारी सकाळी शेजारची राही रडवेली होऊन आली. राही आठवडाभर बँकेत नोकरी करते आणि रविवारी दुपारी राक्षस पाळते. म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ आहे. राही गोष्ट सांगते, बाकीचे तिघे त्या गोष्टीतले योद्धे होतात आणि वाटेत राक्षस आडवा आला की वीस बाजूंचे फासे टाकून लढतात. राक्षसाचं मर्म कशात आहे, हे फक्त राहीच्या वहीत लिहिलेलं असतं.

"आणि ऋत्विकला ते दर वेळी आधीच ठाऊक असतं!" राही म्हणाली. "गेल्या रविवारी तीन काट्यांचा विषशूल आणला. हा लगेच म्हणतो, आधी पाठीवरचा काटा मोडा. त्याच्या आधी चाबूकपुच्छ होता, तर म्हणे शेपूट मुळाशी छाटा. याचा योद्धा कुठला, तर वाळवंटातला! जन्मात समुद्र न बघितलेला! त्याला कसं कळेल हो? आपल्याला माहीत असलं तरी आपल्या पात्राला माहीत नसतं, हा आमचा पहिला नियम आहे."

मला नियम आवडला. आमच्या घरी तो उलटा चालतो. आप्पांना काही माहीत नसतं, पण त्यांच्यातल्या गुप्तहेराला सगळं माहीत असतं.

"काल भेटला तेव्हा मी त्याला म्हटलं, तू वही चोरून वाचतोस. तो म्हणाला, दिसलं ते बोललो, चोर काय म्हणतेस? आणि उठून गेला. मीही रागात सांगितलं, उद्याच्या रविवारी येऊ नकोस." राहीने आपली वही आप्पांपुढे ठेवली. "सोमवारी तो जहाजावर जातोय, नऊ महिने. शाळेपासूनचा मित्र आहे. त्याने चोरी केली की नाही, ते मला आजच कळायला हवं. कालपासून जेवल्ये नाही मी."

"आप्पा, तीन काटे म्हणजे—" मी म्हटलं.

"लेखनिकाने तर्क करायचा नसतो," आप्पा म्हणाले आणि त्यांनी वही जप्त केली. मी बघायला मागितली, तर तो गोपनीय पुरावा निघाला.

पहिला संशय राहीच्या पाठीमागच्या कपाटाच्या आरशावर. आप्पा तिच्या घरी जाऊन ऋत्विकच्या खुर्चीत बसले.

"वही दिसते का?" राहीने विचारलं.

"नाही. पण एक संशयास्पद इसम दिसतोय. मिशी कुरवाळतोय."

आप्पाही मिशी कुरवाळत होते. त्या इसमाला सोडून द्यावं लागलं.

दुसरा संशय फाशावर, आत यंत्र असणार म्हणून. माझ्या वरवंट्याखाली फासा फुटला आणि आत प्लास्टिक निघालं. "बाहेर प्लास्टिक, आत प्लास्टिक," आप्पा पुटपुटले. "एवढी लपवाछपवी कशासाठी?" तिसऱ्या तर्काप्रमाणे राही झोपेत बरळते आणि वारा ते मिरकरवाड्यापर्यंत ऋत्विकच्या घरी नेतो. वाऱ्याची दिशा बघायला आप्पा बोट ओलं करून पडवीत उभे राहिले. राहीने माझ्याकडे बघितलं, मी तुळशीकडे बघितलं.

तेवढ्यात गंगुबाई मासे घेऊन आली. पाटी उतरवताना तिची नजर आप्पांच्या हातातल्या राहीच्या उघड्या वहीवर गेली.

"शिंगाल्याचं चित्र काय बघताव आप्पा? पाटीत ताजा हाय."

"हा विषशूल आहे," आप्पा करड्या आवाजात म्हणाले.

"आसंल. बुधवारी कालवनात खाल्लाव तो ह्योच. पाठीचा काटा मोडल्याबिगर हात लावायचा नाय." तिने ओल्या बोटाने पान उलटलं. "ही पाकट. शेपूट मुळाशी छाटायचा, नायतर काटा घुसतो. आनि ह्यो म्हाकूल. पंख कुनी लावलान ह्याला?"

आप्पा सत्तर वर्षं मासे खातायत, पण मासा त्यांना ताटातच भेटतो, तुकड्यांत. अख्खा मासा ही त्यांच्या दृष्टीने अफवा आहे.

"ही चित्रं कुठून आणलीस गो?" मी राहीला विचारलं.

राही लाल झाली. "जेटीवर बसून काढली. बायका कशा कापतात तेही टिपून घेतलं, तीच मर्मं केली. नावं नाही विचारली. आमच्याकडे कुणी खात नाही ना... मला वाटलं, असलं भयंकर काही कुणाला माहीतच नसणार."

ऋत्विकच्या वडिलांची होडी आहे. पोरगा शाळेतून आला की दप्तर टाकून शिंगाळे साफ करायला बसायचा. रत्नागिरीत राहून शिंगाळ्याला अज्ञात राक्षस समजणं राहीच्याच घरात शक्य होतं, आणि तो राक्षस जेवायला असणं ऋत्विकच्या. राही तशीच स्कूटर काढून मिरकरवाड्याला गेली. तासाभराने परतली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती.

"तो म्हणाला, मला वाटलं हे सगळ्यांनाच कळतं."

आप्पांनी मला लिहायला लावलं, 'आमच्या सापळ्यात गंगुबाई अचूक सापडली.'

रविवारी आम्हाला आमंत्रण होतं. राहीने नवा नियम सांगितला, "ज्याला जे येतं ते त्याच्या योद्ध्यालाही येतं. ऋत्विक, तुझ्या योद्ध्याची आई मासे विकायची." ऋत्विकने मान खाली घालून हसू लपवलं. मग तिने शेवटचा राक्षस आणला. उंच, झुपकेदार मिशा, हातात भिंगासारखा काचेचा डोळा. कसाही वार करा, म्हणतो, हे मला आधीच माहीत होतं.

तिघांच्या तलवारी संपल्या. "हा कुठल्या पाटीतला?" ऋत्विकने विचारलं.

मला मात्र मर्म ठाऊक होतं. "त्याला विचारा, शिडी कशी सापडली?"

राहीने वही मिटली. "राक्षस खाली बसून सांगायला लागला. योद्धे त्याच्या बाजूने निघून गेले."

"अनुभवी दिसतो," आप्पा कौतुकाने म्हणाले.

"मेला नाही?" ऋत्विकने विचारलं.

"नाही. तू परत येईपर्यंत बोलत बसणार. आल्यावर इथूनच पुढे खेळू."

ऋत्विकने हातातला फासा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "नऊ महिने बोलेल?"

पलीकडे आप्पांनी तिसऱ्या योद्ध्याचं मनगट धरलं होतं आणि पोफळीची कॉलनी कुठून कुठपर्यंत होती, ते सांगत होते.

"मी अकरा वर्षं ऐकतेय," मी म्हटलं. "शिडी अजून माळ्यापर्यंत पोचलेली नाही."