मोठ्यांनी मधे पडायचं नाही

"त्याला सांग, लोणी इकडे दे," फेन्या न्याहारीच्या टेबलावर आईला म्हणाली. 'तो' म्हणजे तिचा सख्खा बाप, हेनिंग. मालवाहू जहाजावरून कित्येक महिन्यांनी घरी आलेला आणि लोण्याशेजारीच बसलेला. तीन वर्षांची लेक त्याच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघायची. काम झालं की हा जाणार!

हेनिंगच्या ते फार जिव्हारी लागलं. पुन्हा जहाजावर जाण्याआधी पोरीनं एकदा तरी 'पप्पा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. "आज रानातल्या खेळगटाला मी नेतो हिला," तो म्हणाला.

"ने," त्याची बायको विबके म्हणाली. "पण तिथे गेशेचं ऐक. जहाजावरच्यासारखे हुकूम सोडू नकोस."

गेशे म्हणजे आठवड्यातून एकदा रानात भरणारा हा लहान मुलांचा खेळगट चालवणारी बाई. आधी गोल करून गाणं, मग मोकळा खेळ, मग शेकोटीवर भाजलेला पाव, मग निरोपाचं गाणं. वादळ आलं तरी हा क्रम बदलायचा नाही. "खेळाच्या वेळी मुलांना शिकवायचं नाही, अडवायचं नाही, शाबासकीसुद्धा द्यायची नाही," तिनं हेनिंगला बजावलं. "तू आपलं खरं काम कर. मुलं बघून शिकतात."

हेनिंगनं खराटा उचलला आणि पानं झाडता झाडता थेट डबक्यात पाय घातला. बूट पाण्यानं भरला. त्यानं बूट काढून पाणी ओतलं, मोजा पिळला. मान वर करतो तर सगळी पोरं टक लावून बघत होती.

त्यांचे बूट कोरडे होते, ही मोठीच अडचण. मग पोरांनी आधी ते डबक्यात बुडवून भरले, मग ओतले, मग मोजे पिळले.

"अरे, अरे! नको!" हेनिंग ओरडला.

"श्शू! मधे पडायचं नाही," नातवाबरोबर आलेली आंत्ये आजी विणकामातून मान वर न करता म्हणाली. आमच्या इकडच्या माणसांना नियम मोडण्यापेक्षा पाय ओले झालेले परवडतात.

हेनिंगनं कपाळावर हात मारला. सगळ्या पोरांनी चिखलाचे हात कपाळावर मारले. तो लाजून झाडाआड गेला, तर सगळी वरात त्याच्यामागे झाडाआड.

"तू काही करूच नकोस रे बाबा!" आजी शेवटी कळवळली.

गेशेनं निरुपायानं पोरांना पावासाठी बोलावणारं गाणं वेळेआधीच सुरू केलं. पोरं आज्ञाधारकपणे अनवाणीच शेकोटीभोवतीच्या ओंडक्यांवर जाऊन बसली. पण पीठ अजून फुगलंच नव्हतं. क्रम चुकला, पाव नाही, पाय गार. एकानं भोकाड पसरलं आणि बाकीच्यांनी सूर धरला. हेनिंग मान खाली घालून बसला. लेकीसमोर पुरती शोभा झाली होती.

"पाय दे," कोणीतरी म्हणालं.

समोर फेन्या उभी होती. सगळ्या गटात तिचेच बूट कोरडे. तिनं आपल्या मफलरनं त्याचा पाय पुसला आणि ओला मोजा उलटा चढवला. "असं करतात का कधी?" सूर थेट विबकेचा.

"नाही करत," हेनिंग म्हणाला.

"सर्दी झाली म्हणजे? बस इथे माझ्याजवळ. हलायचं नाही." निरोपाचं गाणं होईपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात गटाचा दिवस आला. गेल्या खेपेनंतर कुठल्या तोंडानं जायचं म्हणून हेनिंग घरीच थांबणार होता. विबके पायात बूट घालू लागली.

"आई, तू नको," फेन्या म्हणाली. "मी पप्पाला नेते. त्याला एकट्याला काही कळत नाही."

हेनिंग झटकन भिंतीकडे तोंड करून जाकिटाची चेन लावू लागला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे ती काही केल्या लागेना.

"इकडे वळ," फेन्या म्हणाली, "मी लावते."