घर सोडताना फोडलेला नारळ

पाच वर्षं राहिलेलं घर सोडताना वास्तूला नारळ द्यायचा, हे निकिताच्या आईने फोनवर दोनदा बजावलं होतं. तिचा नवरा वाल्मीक नारळ घेऊन दाराबाहेर गेला, तर जिन्यात हमाल कपाटासकट अडकले होते. तो परत स्वयंपाकघरात आला आणि ओट्याच्या कडेवर त्याने नारळ जोरात आपटला. नारळाला काही झालं नाही. ओट्याच्या कडप्प्याचा तळहाताएवढा तुकडा मात्र निघून खाली पडला. वाल्मीक दचकला, हातातून नारळ सुटला आणि फरशीवर पडून आपोआप फुटला.

निकिता धावत आली. "अहो, काय केलंत हे! अकरा वाजता काका येतायत घर बघायला!"

काका म्हणजे घरमालक रावजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, राहायला म्हसरूळला. सिडकोतलं हे घर त्यांनी भाड्याने दिलेलं. माणूस तोंडाने गोड, पण आधीच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून त्यांनी पडद्याच्या चार हरवलेल्या कड्यांचे ऐंशी रुपये कापले होते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. वाल्मीकचे तीस हजार त्यांच्याकडे होते. तेच घेऊन आज दुपारी पाथर्डी फाट्यावरच्या नव्या मालकीणबाईंना द्यायचे आणि किल्ली घ्यायची, असा बेत होता. टेम्पोवाल्याला दिल्यावर वाल्मीकच्या खिशात चहापुरते पैसे उरणार होते.

वाल्मीक खाली जाऊन झटपट चिकटणारा गोंद घेऊन आला. गोंद खरोखरच झटपट चिकटला, इतका की तुकडा सरळ करायलाही वेळ मिळाला नाही. तो तिरका बसला आणि काळ्या ओट्यावरची राखाडी भेग दारातूनसुद्धा दिसू लागली.

"बुटाचं पॉलिश लावू," वाल्मीक म्हणाला. "काळ्यात काळं मिसळून जाईल."

ब्रश टेम्पोत गेला होता, म्हणून त्याने पॉलिश हातानेच चोपडलं. भेग खरंच दिसेनाशी झाली. काम कसं झालंय ते लांबून बघावं म्हणून तो दोन पावलं मागे सरकला, ती नेमकी नारळाच्या पाण्यात. पाय घसरला. तो धडपडत थेट बाहेरच्या खोलीत गेला आणि भिंतीला हात टेकून थांबला. पिस्ता रंगाच्या भिंतीवर पाची बोटं काळीभोर उमटली.

"हात लावू नका! मी पुसते," निकिता ओलं फडकं घेऊन आली. तिने जोर लावून पुसलं. बोटं गेली. बोटांबरोबर रंगही गेला, आणि पोळपाटाएवढा करडा डाग राहिला.

"कॅलेंडर लाव त्यावर."

"टेम्पोत."

"कपाट पुढे..."

"तेही टेम्पोत."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. निकिताने पटकन निर्णय घेतला. "तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा. मी ओट्यापाशी थांबते. काही झालं तरी हलायचं नाही."

रावजी बगलेत डायरी धरून आत आले. भिंतीला पाठ लावून वाल्मीक उभा. स्वयंपाकघरात, सरळ रेषेत दिसेल अशी, निकिता उभी. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

"झाली का आवराआवर?" रावजींनी विचारलं.

"झाली," वाल्मीक जागचा न हलता म्हणाला.

"पाणी मिळेल का थोडं?"

"अहो, काकांना पाणी द्या ना," निकिता आतून म्हणाली.

"तूच दे ना. तू तिथेच आहेस."

कुणीच हललं नाही. रावजींनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तरी दोघं खांबासारखी उभीच. रावजींच्या कपाळावर घाम आला.

"म्हणजे तुम्हाला कळलंय तर," ते हळूच म्हणाले आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसले. "पैसे मिळाल्याशिवाय हलणार नाही, असंच ना? बरोबर आहे तुमचं."

"काय कळलंय?" वाल्मीकने विचारलं.

"डिपॉझिट नाहीये हो माझ्याकडे. म्हसरूळला बोअर मारली. साडेतीनशे फूट. नुसता धुरळा निघाला. तुमच्या काकूला वाटतंय, पैसे मुलाने पाठवले. रात्रभर विचार करत होतो, आज या घरात काहीतरी मोडलेलं सापडू दे."

ते एवढ्या पडेल आवाजात म्हणाले, की निकिताला राहवलं नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मागे ओट्यावरून तुकडा टपकन खाली पडला. त्या आवाजाने वाल्मीकही भिंतीपासून पुढे झाला आणि डाग उघडा पडला.

रावजी उठले. त्यांनी ओटा पाहिला, भिंत पाहिली. चेहऱ्यावर जरा तरतरी आली. डायरी उघडून ते लिहू लागले, "कडप्पा दीड हजार. भिंत पाचशे. म्हणजे देणं राहिलं अठ्ठावीस." मग पेन थांबलं. "पण अठ्ठावीस तरी कुठे आहेत?" त्यांनी ते पान फाडून खिशात टाकलं. "जाऊ दे. तुमच्या नव्या मालकीणबाईंचा नंबर द्या."

या मालकीणबाई, फुलाबाई, मूळच्या वणीकडच्या. टोमॅटोच्या पैशांत त्यांनी पाथर्डी फाट्यावर फ्लॅट घेतला होता. रावजींनी फोन लावून आज किल्ली द्यायची गळ घातली.

"भाऊ, पोरं चांगली हायेत ते मला बी दिसलं," स्पीकरवर आवाज आला. "पण डिपॉझिट नाय तर किल्ली नाय."

"बाई, सामान टेम्पोत भरलंय. भाडेकरू पण माणूसच असतो. घरमालकाने एवढं कडक राहू नये."

वाल्मीक आणि निकिताने एकमेकांकडे पाहिलं.

"तुमी कोण त्यांचे?"

"मी... जुना घरमालक."

"मंग त्यांचं डिपॉझिट तुमच्यापाशीच आसंल की!"

रावजींना बोअरची गोष्ट पुन्हा सांगावी लागली. फुलाबाईंनी ती पूर्ण ऐकली. "आमची बी एक कोरडी गेली," त्या म्हणाल्या. "बरं, आसं करा. पोरांना आज किल्ली देते. महिन्याला पाच हजार, सहा महिने, तुमी मला द्यायचे. पाच तारीख म्हंजी पाच तारीख. लय वाट बघायला लावू नका."

टेम्पो निघाला तेव्हा रावजी स्वतः पुढे उभं राहून तो गल्लीतून काढून देत होते.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सकाळी साडेसातला त्यांचा फोन वाजला.

"भाऊ, पाच तारीख हाय."

रावजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, आवाज खाली आणला, आणि पंधरा वर्षं भाडेकरूंकडून ऐकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून न अडखळता बाहेर पडलं, "हो हो बाई, संध्याकाळपर्यंत नक्की. जरा बँकेचा सर्व्हर डाऊन आहे."