वीस फुटी किल्ली

"एकदा का होर्डिंग चढलं, की या शहरातलं एकही दार मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही," असं किल्लीकाकांनी बायकोला सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते, आणि अर्ध्या गालावर फेस असलेला माणूस जितका ठाम दिसू शकतो तितके ठाम दिसत होते. काकू म्हणाल्या, आधी दुकानाची पाटी पुसा, त्यावरची अक्षरं मेली आहेत. पण काकांचं मन आता पाटीत मावत नव्हतं.

तीस वर्षं ते चौकालगतच्या एका जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात किल्ल्या घासत आले होते. हा धंदा सगळा भरवशाचा. लोक आपल्या घराची किल्ली परक्याच्या हातात देतात, दहा मिनिटं रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात, आणि एकीच्या दोन घेऊन निघून जातात. यानं गुपचूप तिसरीही केली असेल का, हा विचार कुणाला शिवत नाही. त्या न शिवणाऱ्या विचारावर काकांची चूल पेटत होती.

फोटोवाल्यानं सांगितलं, तुमची सगळ्यात देखणी किल्ली आणा. काकांनी त्याच सकाळी घासलेली एक उचलली. ते राहत त्या इमारतीच्या मुख्य दाराची होती ती, नव्या भाडेकरूंसाठी केलेली. काय तिचे दाते! एक खोल, दोन बुटके, मग एक ऐटीत मान वर केलेला, आणि शेवटी पुन्हा खोल. जात्यावर बसून कुणी चाल धरावी तशी लय होती त्या पितळेत. फोटो निघाला, किल्ली भाडेकरूंकडे गेली, आणि आठवड्याभरात चौकातल्या बसथांब्याच्या बरोब्बर वर वीस फुटांची किल्ली उन्हात झळकू लागली. खाली लिहिलं होतं: 'तुमचं दार, आमचा शब्द.' काका बसची वाट बघतोय असं दाखवत तिच्याखाली उभे राहिले आणि त्यांनी चार बसेस सोडल्या.

तिसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई उभ्या होत्या. पर्स उपसताना किल्ल्यांचा जुडगा हाती आला. त्यांनी त्यातली इमारतीच्या दाराची किल्ली बघितली, मग वर बघितलं, मग पुन्हा किल्ली. ज्या बाईला ब्लाउजच्या बाहीतला दोऱ्याएवढा फरक दहा पावलांवरून कळतो, तिला आणखी काय लागतं? बस सोडून त्या घरी परतल्या आणि काकांच्या दारात उभ्या राहिल्या. काका म्हणाले, सगळ्या किल्ल्या सारख्याच दिसतात, जशी माणसांची नाकं.

"नाकं मी ओळखते हो," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांची समजूत घातली. नुसतं चित्र बघून किल्ली करणारा कारागीर या शहरात एकच आहे आणि तो तुमच्यासमोर उभा आहे, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. बोलण्याच्या भरात ते एक विसरले. तो हुन्नर त्यांनी एकाला स्वतःच शिकवला होता. काकूंच्या धाकट्या भावाला. त्याची किल्ल्यांची टपरी चौकाच्या दुसऱ्या टोकाला होती, होर्डिंगच्या अगदी समोर.

रविवारी सकाळी हा मेव्हणा सरळ स्वयंपाकघरात येऊन बसला आणि त्यानं बहिणीकडे चहा मागितला. खालचं दार कुणी उघडलं, असं काकूंनी विचारलं. त्यानं खिशातून एक कोरीकरकरीत किल्ली काढून ताटलीशेजारी ठेवली.

"वरून बघून केली, भावोजी. दुसऱ्या दात्याला कानस जरा जास्त लागली. तुमची छपाई तिथे फिकी आहे."

दुपारपर्यंत जिन्यावर सभा भरली. अध्यक्ष होते गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की कोऱ्या किल्लीची रुंदी ठरलेली असते, ती एकदा ठाऊक असली की उरलेलं नुसतं त्रैराशिक. थोडक्यात, चाळीस बिऱ्हाडांचं दार चौकात उघडं टांगलेलं आहे, तेव्हा ते होर्डिंग आजच्या आज उतरवा. ऐंशी डोळे काकांवर खिळले. काकांनी मनाशी हिशेब घातला: होर्डिंग उतरलं तर गावभर होईल की किल्लीवालाच चुकला, आणि चुकलेल्या किल्लीवाल्याच्या हातात कोण आपलं घर देईल? त्यांनी मान वर केली, थेट त्या चौथ्या दात्यासारखी.

"होर्डिंग उतरणार नाही. कुलूप उतरेल."

आणि सोमवारी खरंच उतरलं. मुख्य दाराचं जुनं लॅच काढून त्यांनी नवं बसवलं, घरटी नव्या किल्ल्या वाटल्या, जुन्या झाडून सगळ्या गोळा केल्या, आणि कुणाच्या मनात किंतु नको म्हणून सर्वांदेखत एकेक पकडीत धरून करवतीनं तिचे दोन तुकडे केले. मेव्हण्याचीही कापली. शेवटी स्वतःची कापली. शिंपीणबाईंनी तुकडे मोजून घेतले. मास्तरांनी बरोबरची खूण केल्यासारखी मान हलवली. शहाण्या माणसानं इथे घरी जाऊन जेवावं.

पण मेव्हणा होता ना तिथे. तो म्हणाला, "म्हणजे भावोजी, आता वरची किल्ली कुठल्याच दाराची राहिली नाही. एवढी वीस फुटांची, आणि अनाथ."

अनाथ हा शब्द काकांना कुसळासारखा टोचला. ते जुनं लॅच काखोटीला मारून तडक दुकानाकडे निघाले. मागून निम्मी इमारत. भर दुपारी, चौकाच्या साक्षीनं, त्यांनी ते लॅच स्वतःच्या दुकानाच्या दाराला ठोकलं. मग बाहेर येऊन जाहीर केलं की होर्डिंग माझं, किल्ली माझी, आणि आजपासून ते दारही माझंच. कुणात धमक असेल त्यानं वर बघून किल्ली करावी आणि खुशाल आत यावं. एवढं बोलून, वाक्याला शेवट हवा म्हणून, त्यांनी दार जोरात ओढून घेतलं.

खट्.

ओढलं की लागणारं लॅच ते. आत मशीन, आत कानशी, आत कोऱ्या किल्ल्या, आत ज्यांनी कुलूप खोलता आलं असतं ती झाडून सगळी हत्यारं. काकांच्या हातात फक्त हात होते.

मेव्हणा जवळ आला. काकांनी हलक्या आवाजात एक कोरी किल्ली आणि एक कानस मागितली.

"देतो की. पण दुकान तुमचंच आहे याला काही पुरावा? तुम्हीच शिकवलंय, विचारल्याशिवाय कानशीला हात लावायचा नाही."

गर्दीत जेवणाचा डबा घेऊन काकू येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माणूस माझा आहे, एवढं मी सांगते. दुकानाचं तुमचं तुम्ही बघा."

मग किल्लीकाका आपल्याच होर्डिंगखाली मान मागे टाकून उभे राहिले आणि घासू लागले. एक नजर आभाळाकडे, एक कानशीकडे. थांब्यावरच्या लोकांनी बसेस सोडल्या. शिंपीणबाई बाजूनं मापं सांगत होत्या: तिसरा अजून थोडा, अजून किंचित, बास. अकरा मिनिटांत किल्ली झाली, आणि लोण्यात सुरी जावी तशी पहिल्या झटक्यात फिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "बघितलंत ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी बघितलं होतं, तीच तर पंचाईत झाली. दुसऱ्या दिवसापासून त्या चौकातून जाणारा प्रत्येक जण पिल्लू धरावं तशी किल्ली मुठीत झाकून जाऊ लागला. चार दिवस दुकानात माशी फिरकली नाही. मेव्हणा म्हणाला, अजूनही वेळ आहे, उतरवा. काकूही तेच म्हणाल्या. काकांनी शिडी मागवली, वर चढून होर्डिंग ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं, आणि खाली उतरून पुन्हा गल्ल्यामागे बसले.

पाचव्या दिवशी एक बाई आल्या. त्यांनी विचारलं, ते चौकातलं तुमचंच का? काका छाती काढून म्हणाले, आमचंच. बाईंनी बराच वेळ विचार केला. मग रुमालाची घट्ट पुरचुंडी पुढे केली.

"लेकीसाठी एक जास्तीची हवी आहे. करून द्या. पण बघायचं नाही."

काकांनी छाती होती तशीच ठेवली, डोळे मिटले, आणि हात पुढे केला.