सोफ्यावरची मुलगी आणि तीन निवृत्त तज्ज्ञ

मानवी शरीराचं समग्र ज्ञान पृथ्वीवर कुठे एकवटलं असेल, तर ते ओहायोतल्या डब्लिनमध्ये, चंद्रशेखर काकांच्या दिवाणखान्यात, दर रविवारी चहाच्या वेळी. अडचण एवढीच, की ते अवयववार वाटलेलं होतं. गुरुनाथांकडे हृदय, सत्यजितांकडे हाडं, विष्णूंकडे मन. तिघेही निवृत्त डॉक्टर, काकांचे जुने मित्र. आणि दुसऱ्याच्या अवयवात नाक खुपसायचं नाही, ही सभ्यता तिघांनी जन्मभर पाळलेली.

त्यामुळे काका पाय घासत चालू लागले, ते सत्यजितांनी गुडघ्याच्या नावे जमा केलं. उठताना भोवळ येई, ती गुरुनाथांनी रक्तदाबाकडे वर्ग केली. काका झोपेत लाथा झाडत, ते मात्र कोणत्याच खात्यात बसेना. ती बाब वैवाहिक समजून सोडून देण्यात आली.

मग सोफ्यावर एक मुलगी येऊन बसू लागली. दोन वेण्या, पिवळा फ्रॉक. ती फक्त काकांना दिसे. पूल बांधण्यात हयात घालवलेले काका एके दिवशी स्वयंपाकघराची वाट चुकत आणि दुसऱ्या दिवशी कमानीचं गणित तोंडी सोडवत.

क्लिनिकमध्ये नेलं, तो दिवस नेमका गणिताचा निघाला. काकांनी तारीख सांगितली, शंभरातून सात-सात वजा केले, वर डॉक्टरला पुलाबद्दल दोन गोष्टी शिकवल्या. नवऱ्याविषयी परक्यासमोर काय बोलायचं, म्हणून उत्तराकाकू म्हणाल्या, "तसं बरं आहे." क्लिनिकनंही तसंच लिहिलं.

अखेर विष्णूंनी मुलगी आपल्या अखत्यारीत घेतली आणि तिला घालवायला जुन्या सहकाऱ्याकडून एक जालीम गोळी लिहून आणली. काकू गोळी देईनात. आधी त्यांना आजाराचं नाव हवं होतं.

म्हणून त्या ऋता नावाच्या तरुण न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्या. या वेळी सभ्यता गाडीतच ठेवून त्यांनी सगळं सांगितलं.

"लाथा कधीपासून, काकू?"

"रिटायर व्हायच्याही आधीपासून."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले."

लाथा, पाय, भोवळ, मुलगी आणि गणिताचे दिवस एकाच माणसाचे आहेत, हा शोध अशा रीतीने लागला. ऋता म्हणाली, हा लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे भास दाखवणारा स्मृतिभ्रंशाचा प्रकार दिसतोय. ती गोळी मुळीच देऊ नका, या आजारात ती जिवावर बेतू शकते. पहिली खूण लाथाच होती. (वाचकहो, तुम्हीही तिथे हसून पुढे गेलात. आम्ही पाहिलं.)

रविवारी तिघांनीही आपल्याला आधीच शंका होती असं जाहीर केलं. काकूंनी गोळ्यांची बाटली चहासोबत विष्णूंना परत केली. ते जरा दुखावले. सोफ्यावर रेलून त्यांनी बजावलं, की गोळी राहू दे, पण इथे मुलगी नाही हे चंदूला कुणीतरी पटवलं पाहिजे.

"ती खरी नाही, ते मला ठाऊक आहे रे," काका म्हणाले. "पण तू जरा सरकून बस. तिची वेणी अडकलीये तुझ्याखाली."

विष्णू सरकले.

"अजून थोडं," काका म्हणाले.